दोन ट्रॉल्या, एक पिन

गणित असं आहे:
गुळगुळीत पृष्ठभागावर सहा किलोचा ठोकळा,
त्याच्यामागे दोरीनं बांधलेला चार किलोचा.
पुढच्याला चाळीस न्यूटननं ओढलं
तर मधल्या दोरीतला ताण काढा.
दोरीला वस्तुमान नाही. घर्षण नगण्य.

शिये फाट्यावर, वजनकाट्याच्या केबिनमध्ये,
मी तिसऱ्यांदा चोवीस काढते.
पुस्तकाच्या शेवटी उत्तर सोळा.

मुल्लाणी सर म्हणतात, आधी चित्र काढ,
कोण कुणाला ओढतंय ते विचार,
मग सूत्राला हात लाव.
मी बाण काढते. वहीत बाणांची झाडी होते
आणि ठोकळे आत कुठंतरी हरवतात.

बाहेर उसाची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत.
प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं, दणका एकच.

रावसो खोंद्रे काट्यावर येतो
तो लांबूनच ब्रेक दाबत येतो,
झोपलेल्या पोराला खाली ठेवावं तसा.
परवा एका नवख्यानं एकदम दाबला.
ट्रॅक्टर थांबला, ट्रॉल्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.
मागून असा हिसका बसला
की माझा चहा पावतीपुस्तकावर.
संवेग तेवढाच, वेळ कमी, म्हणून बल जास्त:
दोन मार्कांना होतं हे, मार्चमध्ये.
मी कोरं सोडलं होतं.

रावसो खिडकीत वाकतो.
"काय करालायस गं?"
"मधल्या दोरीचा ताण काढालोय."
तो उलट्या बाजूनं वही बघतो.
"ह्या ट्रॉल्या व्हय तुझ्या?
पुढच्या पिनीला दोन्ही वडायच्या असत्यात.
मधलीला मागची एकटीच."

मागची एकटीच.
चार किलो, प्रवेग चार.
चाळीसातले सोळा दोरीतून मागं गेले,
चोवीस पुढच्याच्या वाट्याला उरले,
आणि मी रात्रभर
त्याचाच वाटा दोरीच्या नावावर लिहीत बसले होते.

"आलं?"
"आलं."
"मग आमचं सांग."
"सव्वीस टन तीनशे चाळीस."

पावती खिशात घालून तो परत वळतो.
"आन् हे घर्षण नगण्य म्हंजे?"
"नाहीच असं धरायचं."
तो हसत नाही. सीटखालून दगड काढून दाखवतो,
चढावर चाकाला लावायची उटी,
पंचगंगेच्या पात्रातली, बारा वर्षं एकच,
एका अंगानं रबरानं खाल्लेली.
"हे बी नाही धरायचं?"
मागचे हॉर्न वाजवतात.
उत्तर न घेताच तो जातो.

तीनच्या सुमाराला रांग तुटते.
पुढचं गणित लिफ्टचं:
आत उभ्या माणसाचं वजन, लिफ्ट वर निघताना.
लिफ्टमध्ये मी एकदाच बसले, सीपीआरला,
आईला दाखवायला नेलं तेव्हा.
निघताना पाय जड झालेले आठवतात.
मला वाटलं होतं, भीतीनं.

वही मिटून मी बाहेर काट्यावर जाते.
आमचा काटा दहाच्या पटीत मोजतो,
शेहेचाळीसची मी त्याला पन्नास दिसते.
सव्वीस टनांच्या त्या लोखंडावर
चपला काढून मी उडी मारते.
एकदा. मग आणखी एकदा, उंच.

आत लाल आकडे हलले असतील,
शून्य, ऐंशी, पन्नास, कायतरी.
बघायला केबिनमध्ये कुणी नव्हतं.