घोळक्याविना

शुक्रवारी क्विलरची पोरं येतील.
ती घोळका करत नाहीत.
एक डाव संपला की धूळ खाली बसायच्या आत
दुसऱ्यासाठी वाकलेली.
कोण कुणाला धरणार, हे आपण विचारेपर्यंत
लांबुळका चेंडू आपल्या पाठीमागे गेलेला.
गेल्या साली त्यांनी आम्हाला बावन्न गुणांनी धुतलं.
पळता भुई थोडी झाली आमची,
आणि भुई तर इथे, टेक्सासच्या या सपाट तुकड्यात,
दिसेल तिथवर भुईच.
तिसऱ्या सत्रात आमचा जाडा ऑरविल टॅडलॉक
गुडघ्यांवर हात टेकून उभा होता.
डाव त्याच्या शेजारून गेला
मालगाडी जाते तसा,
डबेही मोजू न देता.

सोमवारी सांगितलं: पळणं नंतर.
आधी उभं राहायला शिका.
दोन नकली संघ केले,
एकाचा डाव संपेपर्यंत दुसरा तयार,
मध्ये पाणी नाही, श्वास नाही,
माझं भाषण तर नाहीच.
हातात बायकोच्या बेकरीतलं घड्याळ, बटणात पीठ अडकलेलं.
अकरा सेकंद.
कापसाच्या जिनकडून वारा येत होता,
जाळीच्या कुंपणाला पांढरे पुंजके चिकटत होते.
शिट्टी वाजली तेव्हा सात जण जागेवर,
चौघे अजून मागच्याच डावात.
मेख तिथेच आहे:
माणूस चुकतो आणि चुकीपाशीच राहायला जातो.
‘गेलं ते गेलं’ म्हणायलाही
एक सेकंद लागतो.

मंगळवारी शब्द छाटले.
माझी हाक होती लांबलचक,
डावी जड, तिघे आत, कडा सैल, बघून सरका.
एवढं म्हणेपर्यंत तिकडे दहा यार्ड गेलेले.
छाटत छाटत एका शब्दावर आलो.
तोही त्यांच्या बँडच्या ढोलात बुडणार होता.

तेव्हा इफ्रेन बोलला.
आमचा मधला लाइनबॅकर. वर्षभरात मी त्याच्या तोंडून
‘हो सर’पलीकडे काही ऐकलं नव्हतं.
“आईला ऐकू येत नाही आमच्या.
घरी हातांनीच बोलतो.
जेवताना पाच जण एकदम बोलतात, सर,
कुणाचं कुणात मिसळत नाही.”

बुधवार हातांचा.
मूठ पिळली की दूध: सगळे आत घुसा.
दोन तळहात, एक उघडमीट करणारा, म्हणजे दार: कडा बंद.
पंजा पसरून अंगठा हनुवटीला, म्हणजे आई:
मागे खोल जा,
तुमच्या पाठीमागे कुणी जाता कामा नये.
ऑरविलचं दूध आणि दार सारखंच दिसायचं.
“बोबडा बोलतोयस,” इफ्रेन म्हणाला,
आणि त्याची बोटं धरून सरळ केली,
एकेक करून, लहान पोराची करावीत तशी.
नऊ सेकंद. मग साडेआठ.

गुरुवारी ऑरविलनं विचारलं,
“दमलो, आणि त्यांनी बदली होऊच दिली नाही तर?”
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
“तर उभा राहा,” म्हणालो.
त्यानं मान हलवली, जणू ते उत्तर असावं.

शुक्रवार.
पहिल्याच चढाईत नऊ डावांत त्यांनी रेषा ओलांडली.
दुसऱ्यांदा अडवलं. तिसऱ्यांदा नाही.
मध्येच माझी नजर स्टँडकडे गेली.
चौथ्या रांगेत ओफेलिया बाल्देरास,
हिरवं जाकीट, हातात मक्याच्या दाण्यांचा कप.
सगळं गाव चेंडूमागे माना वळवत होतं,
ती आधीच तिकडे बघत होती.
कुणाला काय करायचंय, अख्ख्या मैदानात
आम्हा लोकांखेरीज तिला एकटीला माहीत होतं.

चौथं सत्र. ते वाकलेले.
ऑरविल उभा, तोंड उघडं, पण उभा.
इफ्रेननं वळून मागच्यांना
अंगठा हनुवटीला लावून दाखवला.

वर चौथ्या रांगेत
तिनं कप खाली ठेवला
आणि सवयीनं हात उचलला:
काय रे?

चेंडू सुटला.