पडद्याची मागली बाजू

कादराबादच्या उताराला आमचं दुकान,
सागर फोटो स्टुडिओ.
सागर आमच्यात कुणी पाहिलेला नाही.
नळाला बाराव्या दिवशी पाणी येतं,
आलं की मी शटर अर्धं ओढून घरी पळते,
घागरी भरून परततेय तोवर गिऱ्हाईक बाकावर.

आत भिंतभर पडदा. निळं पाणी,
एकमेकांकडे कललेले दोन नारळ,
मावळता सूर्य टरबुजाच्या फोडीएवढा.
बापानं करून घेतला, मी शाळेत होते.
त्याच्यापुढे निम्मं जालना बसून गेलं:
बियाणं कंपनीतले साहेब, मोसंबीचे बागवान,
साखरपुड्याच्या पोरी गळ्याशी पदर आवळून.
एक कोतवाल पेन्शनच्या फोटोला आलेला,
म्हणाला, समुद्रबी येऊ दे की त्यात.

ती मार्चात आली. खांद्यावर लाकडी कॅमेरा,
माझ्या आज्याकडे होता तसलाच.
न्यूझीलंडची, पण तिथलीही नाही म्हणाली. सामोआ.
नकाशात दाखवायला गेली तर
बोटाखाली अख्खा देश झाकला.
नाव मासीना. त्यांच्यात चंद्राला म्हणतात, महिन्यालाही.
म्हटलं, आमच्यातही मास म्हणजे महिनाच,
अधिक मास, श्रावण मास. तिनं वहीत लिहून घेतलं.
जुन्या छावणीतल्या गोऱ्यांच्या कबरी टिपायच्या होत्या तिला.
तिच्या बेटावर दुकान टाकलेल्या एका गोऱ्याचा भाऊ
इथं पुरलाय म्हणे.
फिल्म धुवायला अंधारी खोली हवी, म्हणून माझ्याकडे.

पडदा पाहिला आणि ती बाकावर बसलीच.
मला वाटलं ऊन लागलं. माठातलं पाणी दिलं.
मग पिशवीतून कार्ड काढलं, कडा कुरतडलेल्या:
एक पोरगी, उघडे खांदे, हातात पंखा,
मागे कापडावर हेच दोन नारळ.
पणजी, ती म्हणाली. दारात खरे नारळ होते हिच्या.
तरी कापडापुढे बसवली.
कार्डाखाली छापलेलं, सामोआची सुंदरी.
किंमत होती. छापखान्याचं नाव होतं.
पोरीचं नव्हतं.

मी काय बोलणार.
माझ्याच खणात काचा आहेत,
आज्यानं कुण्या साहेबासाठी काढलेल्या.
लमाण बाई, क्रमांक नऊ.
आज्याचं अक्षर फार वळणदार.
त्या मी तिला दाखवल्या नाहीत.

हा उलटा करता येईल? तिनं विचारलं.
चाळीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.
खिळे गंजलेले. पक्कड आणली,
शेजारचा रिझवान शिडीवर चढला,
आणि समुद्र भिंतीकडे तोंड करून टांगला.

मागून जाडं मांजरपाट, ठिगळाला ठिगळ,
एका तुकड्यावर सरकी पेंडीचा शिक्का,
तेल झिरपून पडलेले डाग.
कोपऱ्यात कोळशानं हिशोब:
निळा पाच डबे. पांढरा दोन. अळशीचं तेल.
बाकी साठ रुपये.
त्याखाली उर्दूत दोन ओळी. रिझवाननं
शिडीवरूनच मान वाकडी करून वाचल्या:
इसहाक वल्द महबूब, रंगारी.
समुंदर देखा नहीं. माफी.

बापानं नाव कधी घेतलं नाही. पेंटर म्हणायचा.
साठ रुपये दिले की बुडवले, कोण जाणे.

तिनं मला त्या ठिगळांपुढे बसवलं.
चार सेकंद हलू नको.
कुठं पाहू? म्हणाली, तुला वाटेल तिकडे.
मी खणाकडे पाहिलं.
रात्री फोटो सुकला तेव्हा पेन्सिल पुढे केली,
मागे पूर्ण नाव लिही.
द्वारका सोपान खंदारे.
द्वारका म्हणजे?
म्हटलं, एक गाव. समुद्रात बुडालेलं.
तेव्हा कुठं ती हसली.

आता लग्नसराई. पडदा पुन्हा सुलटा,
पोरींना नारळच लागतात.
खालचे खिळे तेवढे मी ठोकले नाहीत.
शटर ओढलं की काचा एकेक करून दिव्यासमोर धरते.
क्रमांक नऊच्या गालाशी घुगरी लोंबतेय,
एका बाजूची तुटलेली.
तेवढ्यावरून कुणी ओळखेल का तिला?
उद्या नळाचा दिवस.
परवा तांड्यावर जाते.