काट्याचं शून्य

अंबडच्या कारखान्यात माझं काम मोजायचं.
व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज.
दोन शतांश कमी, दोन शतांश जास्त
एवढं चालतं.
त्यापलीकडचा माल लाल डब्यात.

आमची पोरगी आठव्या महिन्यात आली,
एकोणीसशे ग्रॅम.

काचेच्या पेटीतले नऊ दिवस संपवून
सिव्हिलमधून घरी आणली, त्या रात्री
निफाडला पारा पाचावर होता.
घड वाचावेत म्हणून
द्राक्षबागांतून शेकोट्या पेटल्या होत्या.
सातपूरच्या आमच्या दहा बाय बारात
वर पत्रा, खाली आम्ही दोघं,
आणि काय पेटवायचं, ते ठाऊक नव्हतं.

सकाळी रंजनाताई अहिरराव आल्या.
आशा कार्यकर्ती.
खांद्याला पिशवी, पायात दोनदा शिवलेली चप्पल.
मला वाटलं, आधी बाळ बघतील.
त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत,
नखांच्या कडा एकेक करून,
आणि मोनालीला विचारलं,
"जेवलीस का गं?"

नऊ दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.
मी फक्त ग्रॅम विचारत होतो.

मोनालीचा बांध फुटला.
मी उठलो, पाणी आणायला की पळायला, कोण जाणे.
"बसा तुम्ही," ताई म्हणाल्या,
मग तिच्याकडे वळून,
"रडी ले व माय, रडी ले."
माहेरची बोली कानावर पडली तशी
ती आणखीच रडली,
आणि मग अर्धी भाकरी खाल्ली,
उरलेली अर्धीही.

पिशवीतून काटा निघाला,
स्प्रिंगचा, खाली कापडी झोळी.
तबकडीवर तीन रंग.
पोरगी लोंबकळली, काटा लालात थांबला.
मी मान फिरवली.
लाल म्हणजे काय, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?
ताई वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या,
"लाल म्हणजे मी लवकर परत यायचं."

मग मला म्हणाल्या, "शर्ट काढा."
"मी?"
"मग काय, शेजारच्यानं?"
इथं मोनाली हसली. बारीकच, पण हसली.
कूलंटचा वास जावा म्हणून
मी तीनदा साबण लावला,
आणि छातीवर, टोपी-मोज्यांसकट,
बेडकासारखी पसरली माझी मुलगी.
वर ताईंनी शाल गुंडाळली.
तिची धडधड माझ्या धडधडीच्या दुप्पट.
मोजायची सवय, दुसरं काय.
शंभरपर्यंत गेलो आणि सोडून दिलं.

पुढं रोज असंच. रात्रपाळीहून आलो की मी,
दुपारी मोनाली.
शेजारच्या काकू मधाचं बोट चाटवायला आल्या
तेव्हा ताई योगायोगानं घरात होत्या.
वाद नाही घातला. काकूंना चहा पाजला,
इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या,
मध काकूंच्याच पोळीवर गेला.
दूध कसं पाजायचं हे मात्र
ताईंनाही पटकन जमवून देता आलं नाही.
चार दिवस वाटी-चमचा, चार दिवस चिडचिड,
एका पहाटे पोरीनं तोंड उघडलं
मोठ्ठं, जांभई द्यावी तसं, आणि धरलं.
मोनालीनं मला उठवलं नाही.
सकाळी सांगितलं.

एकदा मला शंका आली.
कारखान्यातलं प्रमाणित वजन मागून आणलं,
ताईंच्या झोळीत ठेवलं.
काटा तीस ग्रॅम कमी दाखवत होता.
"बघा," मी म्हणालो, मोठ्या तोऱ्यात.
ताईंनी काटा माझ्यासमोर धरला,
"मग बरोबर करा ना. इतकी पोरं जोखते मी यावर."
पेचकस घेऊन बसलो.
अर्धा आटा. शून्य शून्यावर आलं.
आयुष्यात इतकं हळू
मी कुठलाच स्क्रू फिरवला नव्हता.

परवा पोरगी पिवळं ओलांडून गेली.
ताईंनी वही मिटली, मोनालीनं सही केली,
नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट.
दारात थांबून ताईंनी गल्लीतल्या दोऱ्या न्याहाळल्या.
चौथ्या घराबाहेर
नवी कोरी दुपटी वाळत होती, पाच-सहा.
"अगं बाई," त्या म्हणाल्या, "ही कधी आली माहेराहून?"
आणि चप्पल ओढत तिकडं निघाल्या,
पिशवीत काटा वाजत होता.