गाठोडं क्रमांक एकशे चौदा

तळघरात अजून दोनशे सहा गाठोडी आहेत, आयेलेन.
प्लास्टरची, गोणपाटाची,
कडेला उंदरांनी कुरतडलेली.
एकतीस वर्षांत मी उघडली एकोणनव्वद.
पुढचा हिशेब तू कर, माझं गणित कच्चं आहे
आणि आता गुडघेही.

वर शाळेची बस थांबते.
दारातल्या सांगाड्याच्या पायाशी उभी राहून
पोरं विचारतात, सगळे सापडले का?
तिकीट फाडणारा ओस्मार सांगतो, हो, जवळजवळ.
तो कधी खाली उतरलेला नाही.
अंधाराला भीत नाही, धुळीला भितो.

आज एकशे चौदा.
आधी प्लास्टर कापायचं, मग गोणपाट भिजवायचं,
मग लागतो पेपर.
दगडाला प्लास्टर चिकटू नये म्हणून त्या लोकांनी
ओला करून थापलेला, सत्याऐंशीच्या एप्रिलमधला.
मला हाडाच्या आधी नेहमी बातम्या भेटतात.
ही बघ:
घोडा हरवला आहे. कपाळावर पांढरा टिळा.
आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस.

घोडा मिळाला का, कुणास ठाऊक.
हा मात्र मिळाला होता,
आणि मिळूनही अडतीस वर्षं कुणालाच मिळाला नव्हता.

शोधला एलेउतेरिओ हुएन्चुलनं.
चुकलेली शेळी बघायला ओढ्यात उतरला होता.
शेळी नाही, हे हाती लागलं.
वहीत त्याचं नाव नाही.
वहीत आहे, ‘स्थानिक माणूस’.

म्हणतात, पुढे सुई लागणारच नाही.
यंत्र प्लास्टरच्या आरपार बघेल,
उपग्रह वरून सांगेल कुठल्या उतारावर खणायचं.
सांगू दे. माझं काही भांडण नाही.
पण तिकडे आन्येलोत तेलवाल्यांची यंत्रं
एका घासात लाखभर वर्षं उचलतात
आणि रस्त्याच्या भरावात टाकतात.
त्या भरावाचा पंचनामा कोण करणार?

ब्याण्णवमधून मी एक नवी जात काढली होती.
बारसं झालं, केक कापला, गव्हर्नरांची बायको आली.
सहा वर्षांनी परदेशातून एक पोरगा आला,
हाडाचा पातळ काप भिंगाखाली धरून म्हणाला,
ही वेगळी जात नाही,
आधीच्याच प्राण्याचं पिल्लू आहे.
सगळे हिरमुसले.
मी रात्री घरी जाऊन दोन ग्लास वाइन प्यायले.
एक जात कमी झाली होती,
एक लेकरू वाढलं होतं.

आणि काही तर येणारच नाहीत.
जे उंचावर मेले, जिथे झाकायला गाळ नव्हता,
होता फक्त पाऊस, किडे आणि भरपूर वेळ.
त्यांचीही एक वही आहे माझ्याकडे.
कोरी.
हसू नकोस, तीच सगळ्यात जाड आहे.

थांब. ब्रश दे.
मणका.
मणक्याच्या डाव्या अंगाला ही खाच,
एकोणनव्वदांत कुठेच पाहिली नाही मी.
खाच नवी आहे की माझे डोळे जुने झालेत
ते उद्या उजेडात बघू.
ओस्मारला काही सांगू नकोस.

गेल्या आठवड्यात हुएन्चुलचा नातू आला होता,
फोनमध्ये फोटो, बुटांत वाळू.
गेलो, खणलं, बांधायला घेतलं
तर पेपर नाही.
तीन दुकानं फिरले, छापील पेपर कुणी मागवतच नाही म्हणे.
शेवटी सुपरमार्केटची जाहिरात भिजवून थापली:
कांदे, साबण, कोंबडीचे पाय, सवलत शुक्रवारपर्यंत.

क्रमांक तीनशे अकरा, खालच्या फळीवर.
वहीत पोराचं नाव पूर्ण लिहिलंय,
आईच्या आडनावासकट. खोडू देऊ नकोस.

जी कोणी ते उघडेल
तिला आधी कांद्याचा भाव कळेल.
ती मान वर करून शेजारणीला विचारेल, एवढा?
की, एवढाच?
आणि मग कागदाचं ओलं टोक
नखानं
हळूच