डावा पाय

कुताइसी. विजेशिवायचा दुसरा हिवाळा.
रॉकेलच्या स्टोव्हवर शबाता बोटं शेकतो
आणि कातड्याची गुंडाळी उलगडत नेतो
शाईचे पोपडे उडालेत तिथवर.

त्या नगरांतला
एकही श्वास जिता ठेवू नका, असं तिथे आहे.
श्वास या शब्दाचं शेवटचं अक्षर, 'हे':
वर छप्पर, उजवीकडे भिंत,
डावीकडे सुटा, अधांतरी एक पाय.
तो पाय गळून पडलाय.

शंका आली तर मुलाला विचारावं, असा नियम.
फार हुशार नको, अगदी मठ्ठही नको,
अक्षर ओळखेल पण अर्थाच्या वाटेला जाणार नाही असं.
शेजारचा मामुका येतो बाहीला नाक पुसत,
डोळे बारीक करून म्हणतो, "दालेत."

झालं. एक अक्षर बाद म्हणजे गुंडाळीच बाद.
परक्याला जीव लावा, ही ओळसुद्धा.
पिलं उचलण्याआधी पक्षिणीला उडू द्या, हीसुद्धा.
एक पाय लावायचा. पिसाचा एक फटकारा.
चाळीस वर्षं दुसरं केलंय काय त्याने?

पण लिहिण्याआधी शब्द मोठ्याने म्हणावा लागतो.

चार-पाच ओळी खाली तोच आवाज सांगतो,
वेढा घालाल तेव्हा फळझाडांवर कुऱ्हाड नको,
झाड का माणूस आहे?
"हेच," शबाता पुटपुटतो, "नेमकं हेच."
बापाने त्याला याचे सात अर्थ शिकवले होते.
ते लोक आता उरलेच नाहीत.
आधी तह विचारायचा असतो.
वगैरे.
सातही त्याला माहीत आहेत
जुने कोट माहीत असावेत तसे,
कुठला कुठे उसवलाय.

खालच्या मजल्यावर त्सिआला राहते,
समुद्राकाठच्या गावातून बर्फाची खिंड चालत आलेली.
कमरेला अजून घराची किल्ली.
दाराशी आलेल्यांनी संत्र्याची झाडं तेवढी राखली,
ती सांगते. पुढचा हंगाम त्यांना हवा होता.
सासू अंथरुणातच होती, हे ती
एकदाच म्हणाली, मीठ मागायला आली तेव्हा.

मराठीत एका अक्षराने एक जीव गेला,
ध चा मा होऊन.
शबाताला ती भाषा ठाऊक नाही.
तरी रात्रभर तो उलटं कोडं घेऊन बसलाय:
मा चा ध करायला
कुठे खरवडायचं?
चाकू हाताशी आहे. हात मांडीवर आहे.

मेणबत्ती बोटभर उरते तेव्हा
तो मामुकासारखं वाचून बघतो,
अर्थाच्या आधी अक्षरं.
आणि थांबतो.
'हे'च्या जागी दालेत धरलं
तर शब्द होतो, नष्ट झालेला.
म्हणजे त्याने हात आखडून घेतला तेवढा वेळ
त्या ओळीत श्वास नव्हताच.
हुकूम केव्हाच पाळून झाला होता.

सुटलो, असं त्याला वाटत नाही.
पाय लावला तरी वाक्य
मारायलाच सांगणार.
पण मारायला तरी
कुणीतरी श्वास घेत असावं लागतं ना तिथे,
दिसावं लागतं ना कुणालातरी.

मायफळाची शाई ढवळतो.
शब्द उच्चारतो. शेवटचा ह, नुसती फुंकर,
थंडीत तिची वाफ होते.
मग छपराला टेकू न देता
(टेकला तर पुन्हा बाद)
पाय उभा करतो.
मधली फट एरवी केसभर.
आज जराशी जास्त, नियमात मावेल इतपत.

सकाळी मामुका बघतो. "हे!"
मग, कुणी विचारलं नसताना, "काय लिहिलंय?"
"श्वास."
"आणि त्याच्या आधी?"

शबाता स्टोव्हची वात खाली करतो.
"शाई ओली आहे अजून," म्हणतो.
"हात लावू नकोस."