पाचला दहा कमी

नळ आधी खोकतो.
मग हवा, मग गढूळ, मग पाणी.
घणसोली गावात आमच्या आळीला
पाचला दहा कमी, जेमतेम चाळीस मिनिटं.

भाविका आणि भावेश एकाच गोधडीत,
वाशीच्या इस्पितळात सात मिनिटांच्या अंतराने आलेले.
कान तपासले होते दोघांचेही.
डॉक्टर म्हणाले, उत्तम.

तरी खोकला तिलाच ऐकू येतो.
उठते, डोळे अर्धे मिटलेले,
पाइप पिंपातून हंड्यात, हंड्यातून बादलीत.
तिला ऊठ म्हणाले होते का कधी, आठवत नाही.
त्याला झोप म्हणाले, तेही नाही.
त्याला ऐकू येते
तीन घरांपलीकडे आपटलेली बॅट.

मे महिन्यात ती मामाकडे गेली, उरणला.
पाइप रात्रीच पिंपात सोडून
मी पडून राहिले, जागी.
म्हटलं, उठेल.

नळ खोकला.
पिंप भरलं, वाहिलं,
मोरीच्या कठड्यावरून येत येत
त्याच्या गोधडीखाली शिरलं.
कूस बदलत तो पुटपुटला,
"भावे, पाणी गं."

आणि मी उठले,
पाय न वाजवता.
नळ बंद केला,
ओली गोधडी त्याच्याखालून हळूच ओढली,
माझी कोरडी सारली.
बांगडी वाजेल म्हणून
मनगट धरून.