कूस

खेचरांची वाट अजून धड आहे.
ज्यांनी हे दगड बसवले
त्यांनी पाणी कुठून वाहील याचा नीट विचार केला होता.

यर्नेय काठीनं दाखवत पुढे चालतो:
हे स्वयंपाकघर. हा दवाखाना.
मला दिसतात खाजरी झुडपं,
माणसं दाटीनं राहून गेली
की त्या मातीत उगवतात ती.
सार्डिनचा डबा, अर्धाच कापलेला.
बुटाचा तळ, खिळ्यांसकट,
माझ्या मुलाच्या मापाचा.
मी उचलतो. "ठेव," यर्नेय म्हणतो,
आवाज न चढवता,
परक्या घरात भांडं हलवणाऱ्याला म्हणावं तसं.

पणजोबांनी याच उतारावर लोखंड वेचलं,
किलोच्या भावानं विकलं.
त्यापायी दोन बोटं गेली
आणि छपराला पत्रा आला.
शूर वगैरे त्यांना कुणी म्हटलं नाही.
पाऊस लागला की घरात एवढंच म्हणत:
बोटं वाजताहेत.

क्रनच्या कुशीत गुहेचं तोंड.
उंबऱ्याच्या सिमेंटात, ओलं असताना,
कुणी बोटानं लिहिलेलं:
नाव, गाव, मग एक आकडा,
आणि पुढे नुसता ओरखडा.
मी गप्प होतो.
"जेवायला हाक आली असेल,"
आतून रोझालिया आत्या म्हणते,
"दर वेळी वाईटच कशाला धरायचं?"

आत ऋतू नाहीत.
तोफगोळ्यांसाठी ठोकलेल्या फळ्यांवर
चीजची पिवळी चाकं ओळीनं निजलेली,
फळीवरचे जुने आकडे तसेच;
आत्या त्यांनाच धरून हिशेब ठेवते.
मिठाच्या पाण्यात फडकं बुडवते,
एकेकाचं अंग पुसते, उलटं करते.
चौऱ्याहत्तर चाकं, रोज.
"कूस बदलावी लागते," ती म्हणते,
"एका अंगावर पडून राहिलं की नासतं."
यर्नेय बाहेर बघतो.
मी फडकं मागून घेतो.
सव्विसाव्या चाकाशी माझे हात बधिरतात,
ती हसते, आणि सुरीच्या टोकावर
एक तुकडा पुढे करते:
मीठ, गवत,
आणि बऱ्याच वेळानं जिभेवर येणारं
दगडासारखं काहीतरी.

खाली उतरलो तेव्हा सोचा नदी
शाळकरी पोरासारखी बडबडत होती.

रात्री पत्र्यावर सर आली.
अंधारात मुलानं विचारलं, कोण वाजवतंय?
मी उठलो,
दाराशी त्याचे चिखलाचे बूट
आडवेतिडवे पडले होते,
ते सरळ लावले. टाचा भिंतीकडे.